नवीन दुखणं जुन्या खात्यावर टाकू नकोस

पत्र:

ताई, मी 38 वर्षांची, कोथरूडला राहते, ऑफिस स्टेशनजवळ. चार वर्षांपूर्वी बोटं आणि उजवं मनगट सुजायला लागलं तेव्हा आमवात निघाला. आमवातात रक्तात सापडतो तो आरए फॅक्टर निगेटिव्ह होता, पण डॉक्टर म्हणाले असंही असतं. दर रविवारी मेथोट्रेक्सेट 15, सोमवारी फॉलिक ॲसिड, आणि मधेच सूज वाढली की स्टिरॉइडची 5 ची गोळी महिना-दीड महिना. बोटं आता बरी आहेत. पण दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे डबे उतरवले आणि तेव्हापासून कंबर धरलीये, सहा आठवडे झाले. अगदी खाली दुखतं, कधी उजव्या कुल्ल्यात कधी डाव्या. पहाटे चारला जाग येते, कूस बदलवत नाही, उठून चहा टाकला, घरात इकडेतिकडे फिरले की तासाभरात मोकळी होते. ऑफिसात बसून राहिले की परत आखडते. सासूबाई म्हणतात आमवात कमरेत उतरला, वरच्या पायाळू काकूंना बोलावू. नवरा म्हणतो ॲक्टिव्हा आणि खड्डे. मेडिकलवाल्यानं एक गोळी दिलीये, ती आणि घरातली जुनी पेनकिलर अशा दोन्ही घेतल्या की दिवस निघतो. डॉक्टरांची पुढची तारीख फेब्रुवारीतली आहे. तोवर मेथोट्रेक्सेट जरा वाढवू का? की थंडीमुळे होतंय? (मागच्या वर्षी टाच पण अशीच दुखायची, ती आपोआप गेली, आणि डोक्यातला कोंडा काही केल्या जात नाही, पण ते उगीच सांगतेय.)

कंबर धरून बसलेली, कोथरूड

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. येते मी त्याच्याकडे.

आधी तू विचारलंस त्याचं सरळ उत्तर. मेथोट्रेक्सेट आपल्या मनानं अर्धी गोळीसुद्धा वाढवायची नाही आणि फेब्रुवारीपर्यंत थांबायचं पण नाही. ते औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, बरं वाटत नाही म्हणून बुधवारी अजून एक घेतली असं करून लोक खरंच हॉस्पिटलात पोचलेत, तोंडात फोड, रक्तातल्या पेशी खाली, फार वाईट प्रकार असतो तो. आणि समजा वाढवलंसच तरी ज्या दुखण्यासाठी वाढवतेयस त्याला ते लागू पडेल की नाही याचीच शंका आहे, ती का ते पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही हे सदर वाचणाऱ्यांना माहितीये, पण नवीन असशील म्हणून परत सांगते. मी 14 वर्षांपासूनची सांधेदुखीची पेशंट आहे, मनगटं आणि गुडघे, आणि कंबरेच्या बाबतीत तर मी स्वतः अशी माती खाल्लीये की तुझं पत्र वाचून मला झोप नाही आली. वयानं लहान आहेस म्हणून अगंतुगं करतेय, रागावू नकोस.

आपल्यासारख्यांची एक खोड असते बघ. एकदा का सांध्यांचं काहीतरी निघालं की पुढे काहीही दुखलं की आपण ते त्याच खात्यावर टाकतो. दाढ दुखली, आमवात. मान धरली, आमवात. घरचेही तेच म्हणतात आणि त्यात एक सोय असते, नवीन काही शोधायला नको, नवीन खर्च नको, नवीन भीती नको. सासूबाईंचं "आमवात कमरेत उतरला" हे वाक्य त्यातलंच. त्यांची चूक नाही, पूर्वीपासून वाताची कल्पना अशीच आहे की तो अंगभर हिंडतो, आज गुडघ्यात तर उद्या खांद्यात. पण ज्याला डॉक्टर आरए म्हणतात, म्हणजे रुमेटॉइड, तो आजार हातापायांचे लहान सांधे, मनगटं, गुडघे, खांदे असे पकडतो, मानेचे वरचे मणकेही पकडू शकतो, पण कंबरेच्या मणक्यांना तो सहसा हात लावत नाही. म्हणजे ज्याला खरोखर आरए आहे त्याची कंबर दुखायला लागली तर पहिला संशय आरएवर जायलाच नको, दुसरंच काहीतरी असण्याची शक्यता जास्त. आणि ते दुसरं काय हे शोधणं आपल्या बाबतीत इतरांपेक्षा थोडं जास्त गरजेचं असतं, कारण आपण जी औषधं घेतो ती हाडांवर आणि प्रतिकारशक्तीवर दोन्हीकडे हात मारतात.

आता तुझं दुखणं. मला त्यात सगळ्यात जास्त काय खटकलं तर पहाटे चार.

साधी कंबरदुखी, म्हणजे उसण भरली, स्नायू लचकला, मणक्याची गादी जरा सरकली, यात आपण वाकलो, वजन उचललं, उभं राहिलो की दुखतं आणि आडवं पडलं की बरं वाटतं. सकाळी थोडं आखडलेलं असतं पण ब्रश करून होईपर्यंत सुटतं. तुझं उलटं चाललंय. झोपून, बसून वाढतंय आणि हिंडून-फिरून कमी होतंय. रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते, कधी हा कुल्ला कधी तो कुल्ला, सकाळी तासभर ताठरपणा. डॉक्टर लोक याला सुजेची कंबरदुखी म्हणतात, यात कणा आणि कमरेचं हाड जिथे मिळतं ते दोन सांधे, सेक्रोइलियाक म्हणतात त्यांना, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना असतात, ते आतून सुजलेले असतात. साधारण चाळिशीच्या आत सुरू होतं, हळूहळू येतं, तीन महिन्यांहून जास्त टिकतं. तुझे सहाच आठवडे झालेत आणि सुरुवात डब्यांनी झाली असं तू म्हणतेस, म्हणून मी छातीठोकपणे काही म्हणणार नाही. पण खरं सांग, डबे उतरवायच्या आधी गणपतीत वगैरे पहाटे कंबर जड वाटायची का? नीट आठव. बऱ्याचदा दुखणं आधीपासून हळूच आलेलं असतं आणि आपल्याला सांगायला एक दिवस हवा असतो म्हणून आपण तो डब्यांचा दिवस धरतो. मी तर माझ्या गुडघ्याचं खापर दोन वर्षं एका सिंहगडाच्या ट्रिपवर फोडत होते.

आता तो कंस. टाच, कोंडा आणि त्यात आरए फॅक्टर निगेटिव्ह. सुटं सुटं बघितलं तर काहीच नाही, टाच कुणाचीही दुखते, कोंडा अर्ध्या पुण्याला आहे, थंडीत तर बघायलाच नको, आणि फॅक्टर निगेटिव्ह असलेला आरए खरंच असतो, डॉक्टर काही चुकीचं बोलले नाहीत. पण हे तिन्ही एका माणसात, आणि वर ही अशी पहाटेची कंबर, हे एकत्र आलं की मनात एक प्रश्न यायला हवा की हा कोंडा कोंडाच आहे की डोक्यातलं सोरायसिस, म्हणजे कातडीला खपल्या धरणारा आजार? कारण सोरायसिसबरोबर येणारा एक सांधेदुखीचा प्रकार आहे, सोरायटिक आर्थ्रायटिस, तो बोटांमनगटांत अगदी आरएसारखा दिसू शकतो, त्यात फॅक्टर बहुतेक वेळा निगेटिव्ह येतो, टाचेला जिथे शीर चिकटते तिथे तो सूज आणतो, आणि मुख्य म्हणजे तो कंबरही पकडू शकतो. कातडीवर मोठे चट्टे हवेतच असं नाही, काही जणांचं फक्त डोक्यात, कानामागे, बेंबीत नाहीतर नखांवर असतं, वर्षानुवर्षं शांपू बदलत बसतात बिचारे. म्हणून आज रात्री तीन गोष्टी बघ. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, किंवा नख टोकाकडून सुटून पिवळट झालंय का. कधी एखादं अख्खं बोट, म्हणजे नुसता सांधा नाही तर मुळापासून टोकापर्यंत, गाजरासारखं सुजलं होतं का. आणि माहेरी फोन करून विचार की बाबांना, काकांना, आत्याला कुणाला सोरायसिस आहे का. हे विचारताना "एक्झिमा", "खरूज", "ते पायाला खपल्या यायच्या ते" असं सगळं विचार, कारण आपल्याकडे ह्या गोष्टी लपवतात आणि नावंही भलतीच देतात.

अजून एक, हे कुणी विचारत नाही. डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, उजेड सहन होत नव्हता असा? कणा पकडणाऱ्या आजारांत डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि लोक डोळे आले समजून मेडिकलमधून ड्रॉप आणतात. पुढे कधी असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तसंच वारंवार पोट बिघडणं, शौचातून रक्त, हेही सांध्यांच्या डॉक्टरांना सांगायचं असतं, लाजायचं नाही.

हे सगळं खरं निघालं तर काय, तर म्हणूनच मेथोट्रेक्सेट वाढवण्याला मी नाही म्हटलं. ते बोटांना छान लागू पडतं, तुझी बोटं बरी आहेतच की, पण कण्याच्या सुजेवर ते फारसं चालत नाही हे आता डॉक्टरांमध्ये मान्य आहे. बोटं शांत आणि कंबर पेटलेली असं चित्र त्यामुळे दिसू शकतं. कण्यासाठी आधी सुजेवरच्या गोळ्या नीट डोसमध्ये आणि व्यायाम, त्यानं नाही भागलं तर इंजेक्शनं, बायोलॉजिक म्हणतात ती, ॲडालिमुमॅब वगैरे. आपल्याकडे 2014 पासून भारतीय कंपनीचं ॲडालिमुमॅब मिळतंय, तेव्हापासून पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही, तरी स्वस्त म्हणता येणार नाही. पण ही लांबची गोष्ट, आत्ता त्याचा विचार करून झोप घालवू नकोस.

तपासण्यांचं सांगते, कारण यात पैसे फार वाया जातात. कंबर दुखते म्हटल्यावर बरेच जण थेट कंबरेचा एमआरआय काढून येतात, त्यात एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज, म्हणजे कंबरेच्या मणक्यांमधली गादी जरा फुगलेली, असं लिहून येतं आणि माणूस खचतो. तिशी-चाळिशीत ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्याही एमआरआयमध्ये बल्ज दिसतो, केस पांढरे झाल्यासारखं आहे ते. आणि तुझ्या बाबतीत संशय ज्या सांध्यांवर आहे, ते सेक्रोइलियाक, त्यांचा एमआरआय वेगळा सांगावा लागतो, साध्या कंबरेच्या एमआरआयमध्ये ते नीट येत नाहीत. साध्या एक्सरेत तर सुरुवातीची कित्येक वर्षं काहीच दिसत नाही. ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट नॉर्मल आल्या म्हणूनही कंबर निर्दोष ठरत नाही. एचएलए बी-27 नावाची रक्ताची टेस्ट आहे, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही आणि निगेटिव्ह आली म्हणजे नाहीच असंही नाही, लॅबच्या पॅकेजमध्ये दिसली म्हणून स्वतः करून, रिपोर्ट गूगल करून रडत बसू नकोस. काय काढायचं ते सांध्यांच्या डॉक्टरांना ठरवू दे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना. ऑर्थो, म्हणजे हाडांचे डॉक्टर, वाईट नसतात, पण हा प्रश्न पहिल्यांदा तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांचा आहे, त्यांच्याकडे तुझी चार वर्षांची फाइल आहे.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला माझं सांगावं लागेल.

तू स्टिरॉइडचं फार सहज लिहिलंयस, मधेमधे महिना-दीड महिना. चार वर्षांत असे किती महिने झाले ते मोज. मी कधी मोजले नव्हते. उलट मला एकांनी एक पुडी दिली होती, सकाळ-संध्याकाळ मधातून, शंभर टक्के नैसर्गिक म्हणून, आणि काय सांगू, चौथ्या दिवशी मी उकिडवी बसून भाजी निवडायला लागले. आठ महिने घेतली. तोंड गोल झालं तर लोक म्हणाले तब्येत सुधारली. मग एक दिवस मोरीतली अर्धी बादली उचलली आणि पाठीत कड्कन झालं. मी दोन महिने आमवात आमवात म्हणत शेकत बसले, गादीवरून उठताना ब्रह्मांड आठवायचं, आडवं पडलं की मात्र शांत. शेवटी एक्सरे काढला तर मणका चेपलेला. पुडीत स्टिरॉइड होतं असं माझ्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं, तोंडाकडे बघूनच ओळखलं त्यांनी, आणि हाडं तोवर बिस्किटासारखी झालेली. उंची दोन सेंटीमीटर गेली माझी. परकर जमिनीला लागायला लागला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी नाडीला दोष देत होते.

तुझं दुखणं असं वाटत नाही, कारण तुझं हालचालीनं कमी होतंय आणि मणका चेपला की हालचालीनं जीव जातो. पण डबे उतरवताना एकदम कळ आली होती की दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवलं, हे डॉक्टरांना नक्की सांग. आणि हाडांची घनता बघायची डेक्सा म्हणून टेस्ट असते ती माझ्यासाठी करायची का, हेही विचार. स्टिरॉइड तीन महिन्यांच्या वर जाणार असेल तर छोट्या डोसलाही हाडांचा विचार करायचा असतो, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, आणि गरज पडली तर हाडांचं औषध. स्टिरॉइड चालू असेल तर हे वाचून घाबरून एकदम बंद मात्र करू नकोस, ते हळूहळूच उतरवतात, एकदम सोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी खाली असलं भलतंच होतं.

तिसरी गोष्ट इन्फेक्शन. आपल्या देशात टीबी आहे आणि टीबी नुसता फुप्फुसाला होत नाही, मणक्यालाही होतो, पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जननं 1779 मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून अजून पॉट्स स्पाइन म्हणतात. स्टिरॉइड आणि विशेषतः ती बायोलॉजिक इंजेक्शनं घेणाऱ्यांना याचा धोका जास्त, म्हणूनच ती सुरू करण्याआधी छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट करतात. त्याचं दुखणं कसं असतं तर झोपा, बसा, फिरा, कशानंच सुटत नाही, आठवड्या-आठवड्यानं वाढत जातं, त्यात संध्याकाळची कणकण, रात्री घाम, भूक मेलेली, कपडे सैल व्हायला लागलेले. वजन करून बघ. आणि तुझ्या बाबतीत यात एक गोची आहे, तू दिवसभर पेनकिलर घेतेयस, त्यानं ताप दबून राहतो, म्हणून "मला ताप नाही" असं सांगताना "पण मी गोळ्या घेत होते" हेही सांग.

बाकी कुशीत एका बाजूला दुखतंय, लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, तर ते मूत्रपिंडाचं. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होतेय आणि दोन-चार दिवसांनी पुरळ, तर नागीण, तिचं औषध पुरळ आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झालं तर चांगलं, तेव्हा "नागिणीचा विळखा पूर्ण झाला की" वगैरे ऐकत बसायचं नाही. तुझ्यात यातलं काही दिसत नाही, पण हे वाचणारे अजून बरेच जण मेथोट्रेक्सेटवाले असतात.

आणि हे मात्र सगळ्यांनीच, रात्री दोन वाजता झालं तरी, फेब्रुवारी नाही, उद्या नाही, तेव्हाच हॉस्पिटल: पायातली ताकद जाणं किंवा पाऊल लटकं पडणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधे आणि बसायच्या जागेला बधिर वाटणं. कंबरेबरोबर चांगला ताप असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर, आणि तसं असेल तर त्या रविवारची मेथोट्रेक्सेट घ्यायची का हे फोन करून विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

मेडिकलवाल्याच्या गोळीबद्दल. तिचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाच, बहुतेक ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असेल आणि त्यात पॅरासिटामॉल मिसळलेलं. तुझी जुनी पेनकिलर पण त्याच जातीची असणार. एकाच जातीच्या दोन एकत्र घेऊन आराम दुप्पट होत नाही, पोटातला अल्सर आणि किडनीवरचा ताण मात्र होतो, त्यात मेथोट्रेक्सेट किडनीतूनच बाहेर पडतं, किडनी मंदावली की ते अंगात साठतं. तेव्हा आजपासून दोन्हीतली एक बंद, आणि जी राहील तिचं नाव डॉक्टरांना फोनवर सांगून चालेल का विचार. नुसतं पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सौम्य, पण त्याचीही मोजून, मिसळलेल्या गोळीत ते आहेच हे धरून. एक मजा सांगते, सुजेची कंबरदुखी ॲसिक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळीनं बऱ्याचदा एक-दोन दिवसांत झपकन उतरते, आणि डॉक्टरांना तो एक पुरावाच असतो, म्हणून "गोळीनं किती फरक पडतो" याचं उत्तर तयार ठेव, "थोडा" असं नाही, "आठ आणे, बारा आणे" असं.

पायाळू काकू. मला वाईट वाटतं सांगायला कारण मला स्वतःला ही पद्धत फार गोड वाटते, माझ्या आजोळी पायाळू मामा होता आणि गावभरचे लोक उसण भरली की त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे, तो चहा पिता पिता लाथ मारायचा. साध्या उसणीत फरक पडतही असेल, उसण तशीही आठ-पंधरा दिवसांत जातेच. पण चार वर्षं अधूनमधून स्टिरॉइड खाल्लेल्या कण्यावर लाथ नको, तुडवणं नको, हाडवैद्याचा झटका नको आणि त्या रीलमध्ये मान-कंबर कटकट वाजवतात ते तर अजिबात नको. सासूबाईंना नाही म्हणणं जड जात असेल तर निर्गुडीच्या तेलानं हलक्या हातानं चोळून द्या म्हण, त्यांनाही बरं वाटेल, तुलाही. वर गरम पाण्याची पिशवी. पट्टा लावून बसू नकोस सारखा, स्नायू आळशी होतात.

नवऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हां. कर्वे रोडवरून ॲक्टिव्हावर स्टेशनपर्यंत रोज म्हणजे धडधाकट माणसाची कंबर जाईल. खड्ड्यांनी हा आजार होत नाही, पण सुजलेल्या सांध्याला प्रत्येक स्पीडब्रेकर कळतो. तुला वनाजहून थेट पुणे स्टेशनला मेट्रो आहे की, महिनाभर तिनं जा. जागा मिळाली तरी मधे नळ स्टॉपला, सिव्हिल कोर्टला उठून उभी राहा, लोक वेडी म्हणतील तर म्हणू देत. ऑफिसात पाऊण तासाला एकदा उठायचं, पाणी प्यायला, झेरॉक्सला, कशालाही. पलंगाला खिळून राहणं दोन्ही प्रकारच्या कंबरदुखीत नुकसानच करतं. सपाट रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं चाल. एआरएआयची टेकडी आत्ता नको, डॉक्टरांनी बघेपर्यंत सूर्यनमस्कार आणि वाकून पायाचे अंगठे धरणंही नको, माळ्याला तर हातच लावू नकोस. थंडीचं विचारलंस, तर थंडीनं ताठरपणा जास्त जाणवतो, खरंय, पहाटेच्या पुण्यात सगळ्यांचंच अंग आखडतं, पण थंडी कुणाला दीड महिना रोज चार वाजता उठवत नाही.

आता फेब्रुवारीचं. क्लिनिकला फोन करून "कंबर दुखतेय, लवकरची वेळ मिळेल का" असं म्हणालीस तर रिसेप्शनवरची मुलगी फेब्रुवारीच सांगेल, तिचाही दोष नाही, तिला दिवसातून तीस जण हेच सांगतात. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर किंवा चिठ्ठीवर असं लिहून दे: "चार वर्षं मेथोट्रेक्सेटवर आहे, स्टिरॉइड अधूनमधून चालू असतं, आरए फॅक्टर निगेटिव्ह. सहा आठवडे नवीन कंबरदुखी, पहाटे चारला जाग येते, सकाळी तासभर ताठरपणा, चालून कमी होतं, दोन्ही कुल्ल्यांत आलटून पालटून. मागच्या वर्षी टाच दुखत होती, डोक्यात न जाणारा कोंडा आहे. ताप नाही पण पेनकिलर चालू आहे. पायात अशक्तपणा नाही, लघवी-शौच व्यवस्थित. डॉक्टरांनी हे वाचून कधी यायचं ते सांगावं, ही विनंती." एवढं वाचल्यावर डॉक्टर दोन आठवड्यांच्या आत बोलावतील असं मला वाटतं. आठवड्यात काहीच उत्तर नाही आलं तर तुझ्या फॅमिली डॉक्टरांकडून फोन करव, डॉक्टरनं डॉक्टरला केलेला फोन उचलला जातो. तेही नाही जमलं तर दुसरे रुमॅटॉलॉजिस्ट बघ, फाइल तुझी आहे, यात कुणाचा अपमान होत नाही.

तोवर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, रोज दोनच आकडे लिही: किती वाजता जाग आली आणि किती वाजता कंबर सुटली. डॉक्टरांसमोर आपण नेहमी "तसं बरंय" म्हणतो, दुपारची वेळ असते आणि तेव्हा खरंच बरं असतं. कॅलेंडरचा फोटो दाखव. डोक्यातल्या खपल्यांचा, नखांचा पण काढून ठेव, उजेडात. आणि नखांचा काढायच्या आधी नेलपॉलिश पुसशील, मी एकदा तशीच मरून रंगाची लावून गेले होते.